ग्लेनकोलमकिलची नवी जुनी घरं

ग्लेनकोलमकिल गावातली सगळ्यांत जुनी दिसणारी तीन घरं माझ्या आईपेक्षा वयाने लहान आहेत. जाडजूड दगडी भिंती, त्यांवर चुन्याचा पांढराशुभ्र हात, शाकारलेलं छप्पर, टीचभर खिडक्या. फोटो काढला तर दोनशे वर्षांपूर्वीचा वाटावा. गावकऱ्यांनी ती उभी केली 1967 मध्ये, पैसे न घेता, स्वतः राबून. एक घर अठराव्या शतकातल्यासारखं, दुसरं एकोणिसाव्या, तिसरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. आत मांडायला चरखे, पाळणे, बिडाची भांडी, बाकडी लोकांनी आपापल्या माळ्यांवरून आणि गोठ्यांतून शोधून आणून दिली. तिथे राहायला कुणी कधीच गेलं नाही. जायचं नव्हतंच. बाहेरच्यांनी यावं, तिकीट काढून बघावं आणि चार पैसे गावात राहावेत, एवढ्यासाठी ती बांधली होती.

एरवी अशा मुद्दाम बनवलेल्या जुनेपणाचा मला वैताग येतो. हायवेवरच्या हॉटेलाने भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलं की पिठलं-भाकरीचा भाव दुप्पट करायची सोय होते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ग्लेनकोलमकिलच्या घरांपाशी मात्र माझी चिडचिड झाली नाही. त्याला कारण एक पाद्री.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. आयर्लंडच्या वायव्येला डोनेगॉल परगणा, त्याचंही पार नैऋत्य टोक. किलीबेग्जचं मासळी बंदर मागे टाकलं, कॅरिक ओलांडलं की शेतं संपतात आणि तपकिरी, ओला, निर्मनुष्य माळ सुरू होतो. डावीकडे श्लीव लीगचा डोंगर. सुमारे 600 मीटर उंच, आणि पलीकडच्या बाजूने जवळजवळ सरळ अटलांटिकमध्ये उतरलेला. युरोपातल्या सर्वांत उंच सागरी कड्यांमध्ये त्याची गणना होते. माळ संपतो तिथे एक खोल दरी अचानक समोर येते, तिच्या तोंडाशी समुद्र, आणि दरीभर विखुरलेली पांढरी घरं. तेच हे गाव. सगळे त्याला नुसतं ‘ग्लेन’ म्हणतात. डब्लिनहून गाडीने जवळपास पाच तास लागतात. शेवटच्या टप्प्यात रस्त्यावरच्या पाट्यांवरून इंग्रजी नावं गायब होतात. हा आयरिश भाषकांचा अधिकृत प्रदेश, आणि 2005 पासून अशा भागांतल्या पाट्यांवर गावाचं नाव फक्त आयरिशमध्येच लिहितात. मोबाइलला रेंज नसली तर मजा येते.

आई साताऱ्याहून उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती. तिला डब्लिनमधली दुकानं दाखवून झाली, चर्च दाखवून झाली. “इथली शेती-बिती काही आहे की नाही?” असं तिने विचारल्यावर जूनमध्ये आम्ही ग्लेनला निघालो.

तर तो पाद्री. फादर जेम्स मॅकडायर, जन्म 1910, डोनेगॉलचेच. युद्धाच्या काळात ते लंडन भागात होते, नंतर टोरी नावाच्या वाऱ्या-लाटांनी झोडपलेल्या बेटावर, आणि 1951 मध्ये त्यांची नेमणूक ग्लेनला झाली. गावात तेव्हा कारखाना नव्हता, नळाचं पाणी नव्हतं, वीज नव्हती, पक्का रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. या पाच गोष्टींना ते गावाचे पाच शाप म्हणत. सहावा शाप या पाचांतूनच आलेला: माणसं निघून जात होती. ही काही तेव्हाची नवी गोष्ट नव्हती. 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर अख्ख्या पश्चिम आयर्लंडला जी गळती लागली ती कधी बंदच झाली नाही. डोनेगॉलच्या गरीब घरांतली पोरं लेटरकेनी आणि स्ट्रबेनच्या बाजारात उभी केली जात. गुरांचा भरावा तसाच बाजार. सुपीक भागातला शेतकरी यायचा, पोराचे दंड चाचपायचा आणि सहा महिन्यांच्या बोलीवर घेऊन जायचा. जरा मोठी झाली की टोळीने स्कॉटलंडला बटाटे काढायला. त्यानंतर ग्लासगो, लंडन, अमेरिका. दर वेळी परत येणारे थोडे कमीच.

मॅकडायरनी प्रवचनं दिली असतीलच, तो त्यांचा धंदाच. पण मुख्य म्हणजे त्यांनी लोकांच्या हातात फावडी दिली. गावाचं सभागृह लोकांनी बांधलं. वीज आणि पाण्यासाठी सरकारच्या मागे लागणं झालं. मग सहकारी संस्था: विणकाम, भाजीपाल्यावर प्रक्रिया करणारा कारखाना, पाहुण्यांना भाड्याने द्यायची शाकारलेली सुट्टीची घरं, आणि त्याच ओघात हे लोकजीवनाचं संग्रहालय.

आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “म्हणजे चेअरमन पाद्रीच!” साताऱ्यात आयुष्य काढलेल्या बाईला सहकार समजावून सांगावा लागत नाही. तिचा पुढचा प्रश्न होता, “मग बुडाली की चालली?”

थोडी बुडाली, थोडी चालली. भाजीचा कारखाना टिकला नाही. खडकाळ वावरं, वर्षभर पाऊस, बाजारपेठ शेकडो किलोमीटर दूर. हिशोब जमण्यासारखा नव्हताच. पुढे तो उद्योग मासळीकडे वळला, जे या किनाऱ्यावर पहिल्यापासून शहाणपणाचं होतं. मॅकडायर 1987 मध्ये वारले. त्यांच्या साऱ्या उलाढालीतून आज पाहुण्याला चटकन दिसतं ते म्हणजे ही खोटी-जुनी घरं. कारखाना गावाला वाचवणार आणि संग्रहालय ही बाजूची हौस, असं त्या काळातल्या कुठल्याही अधिकाऱ्याने सांगितलं असतं. झालं उलटं. मला हे संग्रहालय पटतं ते यामुळे. शहरातल्या कुणा हौशी माणसाला गतकाळाची ओढ लागली म्हणून ते झालं नाही. पोरं बोटीत बसू नयेत म्हणून जे जे सुचेल ते करून बघणाऱ्या एका माणसाच्या यादीत तेही एक होतं.

घरांच्या आत शिरलं की पहिल्यांदा वास येतो. टर्फचा धूर. म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या वड्यांचा. जरा गोडसर, जरा मातकट, कपड्यांना दोन दिवस चिकटून राहणारा. चुलीवर लोखंडी दांडा भिंतीत बसवलेला, दारासारखा फिरणारा. त्याला आकडे, आकड्याला हंडा. विस्तव कमी-जास्त करायचा नाही, हंडाच वर-खाली करायचा. रात्री निखारे राखेत पुरायचे, पुरताना प्रार्थना म्हणायची, सकाळी उकरून पुन्हा फुलवायचे. चूल विझू द्यायची नाही हा दंडक. बाजूला ठेंगणी तिवई, कारण वर धूर असतो आणि खाली श्वास घेता येतो.

चुलीजवळची लांब भिंत एका जागी बाहेरच्या बाजूला फुगलेली असते. बाहेरून बघितलं तर भिंतीला टेंगूळ आल्यासारखी. आतून तो एक कोनाडा, बरोब्बर एक पलंग मावेल एवढा, पुढे पडदा. वायव्य आयर्लंडच्या घरांची ही खूण. म्हातारा-म्हातारी तिथे निजायची. घरातली सगळ्यांत उबदार जागा ती. आई त्या पलंगावर बसून बघायला निघाली होती, पण दोरी बांधलेली होती. मग तिने लांबूनच माप घेतलं आणि म्हणाली, “इथून चूल दिसते, दार दिसतं, कोण आलं-गेलं सगळं कळतं. म्हातारीला अजून काय पाहिजे?” दुसऱ्या टोकाला पूर्वी गुरं असत. एकाच छपराखाली, एकाच दाराने ये-जा, गुरांची बाजू जराशी उताराला. आईने मान हलवली. यात तिला नवल वाटावं असं काही नव्हतं.

नवल तिला छपराचं वाटलं. देशावरची शाकारणी तिने लहानपणी बघितली आहे, पण इथे छपरावरून दोऱ्या टाकलेल्या असतात, उभ्या-आडव्या, जाळ्यासारख्या, आणि त्यांची टोकं भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना आवळून बांधलेली. आढ्याला धार नाही. ते गोलसर ठेवतात, म्हणजे वाऱ्याला धरायला काही सापडत नाही. पावसापेक्षा वाऱ्याची धास्ती मोठी. अटलांटिकवरून येणारं हिवाळी वादळ छप्पर उचलून शेजारच्या परगण्यात नेऊन टाकेल, असा तो बंदोबस्त आहे.

गावातून उत्तरेला डोंगरामागे एक एकेरी रस्ता जातो. मैलोगणती माळ, मेंढ्या, पाण्याची काळी डबकी, आणि शेवटी समुद्राला जाऊन रस्ता संपतो. त्या जागेचं नाव पोर्ट. इथली घरं मात्र खरी जुनी आहेत: छपरं गेलेली, चुलीच्या जागी गवत माजलेलं, शेताच्या दगडी बांधांच्या रेषा तेवढ्या शाबूत. गाव उठून गेलं. त्याच्या जरा पलीकडे ग्लेनलॉख नावाची आणखी एकाकी दरी आहे, जिथे 1926 मध्ये रॉकवेल केंट हा अमेरिकन चित्रकार येऊन राहिला आणि 1935 मध्ये कवी डिलन टॉमस. कलावंतांना असली जागा फार मानवते. मानवतेच, कारण त्यांना तिथून परत जाता येतं.

पोर्ट आणि ग्लेन एकाच डोंगराच्या दोन बाजू. एका बाजूला खरी घरं पडून आहेत, दुसऱ्या बाजूला बनवलेली घरं चुना लावून उभी आहेत. मला विचाराल तर वारशाचं काम दुसऱ्या बाजूने जास्त केलं. हे बोलायला सोपं आहे, आणि त्याला एक ठसठसती बाजूही आहे. पाहुण्यांना राहायला घरं बांधून गावात पैसा आणायची कल्पना पुढे किनारपट्टीभर इतकी पसरली की डोनेगॉलच्या आयरिश भाषक भागांत आज तरुण जोडप्यांना घर मिळत नाही. बाहेरच्यांची सुट्टीची घरं जुलै-ऑगस्टमध्ये उघडतात आणि बाकी वर्ष बंद. मॅकडायरना हे दिसलं असतं तर त्यांनी शापांच्या यादीत भर घातली असती, याबद्दल मला शंका नाही.

गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो संत कोलमकिल, म्हणजेच कोलंबा. जन्म 521, डोनेगॉलमध्येच. 563 मध्ये तो समुद्रापार स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला आणि 597 मध्ये तिथेच वारला. पॅट्रिक आणि ब्रिजिडच्या जोडीने आयर्लंडचा तिसरा पालक-संत. गावची कथा अशी की पॅट्रिकने हाकललेले सैतान या दरीत येऊन धुकं पांघरून बसले होते आणि कोलमकिलने त्यांना समुद्रात पिटाळलं. धुक्याचा भाग आजही तंतोतंत खरा आहे; दुपारी दोनला आमच्या समोरचा डोंगर कुणीतरी उचलून नेला होता.

9 जून ही त्याची तिथी. त्या दिवशी ‘तुरस’, म्हणजे यात्रेचा फेरा, होतो. दरीत विखुरलेली 15 ठाणी, सुमारे पाच किलोमीटरचा फेरा, परंपरेने अनवाणी. बरेच जण मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघत. प्रत्येक ठाण्याला सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे उजवीकडून, फेऱ्या घालायच्या आणि ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या. ठाणी म्हणजे कुठे नक्षीदार क्रूस कोरलेली उभी शिळा, कुठे दगडांची रास, कुठे पडकं प्रार्थनाघर आणि त्यात संताची दगडी शेज. कोरीव शिळा हजार-बाराशे वर्षांच्या. आणि या दरीत माणूस त्याच्याही फार आधीपासून आहे. जवळच्या मालिनमोरला पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. अठराव्या शतकात इंग्रजी राजवटीच्या कायद्याने अशा यात्रांवर बंदी आली. यात्रा चालू राहिल्या. आज फेरा सुरू होतो आणि संपतो तो प्रोटेस्टंट चर्चच्या आसपास, हा इतिहासाचा खोडकरपणा. चालणारे कॅथलिक, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

तिथी होऊन काही दिवस झाले होते, तरी आम्ही थोडी ठाणी केली. वाट लोकांच्या शेतांतून, फाटकांतून, कुंपणावर चढायच्या दगडी पायऱ्यांवरून जाते. आईने साडी जरा वर खोचली आणि माझ्यापुढे गेली. संताच्या विहिरीपाशी दगडांचा जो ढीग आहे तो बघायला हवा. यात्रेकरू खालून येताना दगड घेऊन येतात आणि इथे टाकतात; शतकानुशतकं टाकलेल्या दगडांची आता एक टेकडी झालीय, विहीर तिच्या कुशीत. आईने विचारलं नाही, सांगावं लागलं नाही. तिच्या हातात आधीच दगड होता.

नवव्या ठाण्याच्या शिळेला वरच्या बाजूला आरपार भोक आहे. जुन्या काळी लग्न ठरलेली जोडपी दोन बाजूंना उभी राहून त्या भोकातून बोटं गुंफत. आणि पापमुक्त माणसाने त्यातून पाहिलं तर स्वर्ग दिसतो म्हणे. आईने टाचा उंचावून डोळा लावला. “मेंढ्या आहेत,” ती म्हणाली. “निळा रंग लावलेल्या.” मी बघितलं तर मलाही मेंढ्याच दिसल्या, तेव्हा आम्हा दोघींची पात्रता सारखीच निघाली.

दगड टिकतात, त्यात फारसं विशेष नाही. बोलणं टिकवायला कष्ट पडतात. शेजारच्या टीलिन या मच्छीमार गावात 1913 मध्ये जन्मलेला शॉन ओ होही 1935 मध्ये आयरिश लोककथा आयोगाचा पूर्णवेळ संग्राहक झाला आणि पुढचं जवळपास अर्धं शतक डोनेगॉलच्या वाड्या-वस्त्या पालथ्या घालत राहिला. सोबत ध्वनिमुद्रणाचं जड यंत्र, मेणाच्या नळ्या. म्हाताऱ्यांच्या कथा नळीवर घ्यायच्या, घरी येऊन अक्षर न् अक्षर उतरवून काढायच्या, आणि मग नळीचा वरचा थर तासून तिच्यावर पुढच्या माणसाचं बोलणं घ्यायचं, कारण नव्या नळ्यांना पैसा नव्हता. शब्द राहिले, आवाज तासला गेला. या माहितीपाशी मी दर वेळी अडखळते.

त्याच आयोगाने 1937 पासून आणखी एक उद्योग केला, तो मला त्याहून आवडतो. देशभरातल्या पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. भुतं, औषधं, विहिरी, वादळं, खेळ, म्हणी, दुष्काळ. त्या वह्या आता इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात, मुलांच्या वळणदार अक्षरासकट. हिवाळ्यातल्या रात्री मी त्या वाचत बसते. अकरा-बारा वर्षांच्या पोराने चामखिळीवरचा उपाय ज्या गांभीर्याने लिहिलेला असतो, ते वैद्यकीय नियतकालिकांनी शिकावं.

संगीताचंही तसंच. डोनेगॉलचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, प्रसिद्ध, आणि ते घरोघर नेणाऱ्यांत फिरस्ते कल्हईवाले होते. भांडी दुरुस्त करायला गावात यायचं, रात्री ज्याच्याकडे मुक्काम त्याच्या चुलीपाशी वाजवायचं. जॉन डोहर्टी त्यांतला सर्वांत नावाजलेला. 1980 मध्ये गेला. लाकडी वाद्य परवडत नसे त्यांच्यासाठी हे लोक पत्र्याचं फिडल बनवून देत. हे संगीत आजही मेलेलं नाही. ऑगस्टमध्ये ग्लेनला फिडल शिकायला आठवडाभर माणसं येतात. भाषेचंही आहे. 1984 मध्ये इथे ओदस गेल ही संस्था निघाली, प्रौढांना आयरिश शिकवणारी, आणि जगभरातून लोक इथे क्रियापदं घोकायला येतात. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनीही इथे धडे घेतले. या शिकायला येणाऱ्यांच्या राहण्या-जेवण्यावर गावातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो. फादरची कल्पनाच, फक्त विकायला भाजीऐवजी व्याकरण. नफ्यातलं पीक आहे.

परतताना माळावर एक म्हातारा टर्फ लावताना दिसला, म्हणून गाडी थांबवली. वसंतात दलदलीतून विटांसारखे कापलेले ओले तुकडे आधी पसरून ठेवतात. जरा घट्ट झाले की जूनमध्ये पाच-सहा तुकडे एकमेकांना टेकवून उभे करतात, म्हणजे मधून वारा जातो. काम वाकून करायचं, कंबरेची परीक्षा. 2022 पासून दुकानात किंवा ऑनलाइन टर्फ विकायला बंदी आहे. घरापुरतं कापायचा पिढीजात हक्क असेल तर चालतं. दलदलीत कार्बन साठलेला असतो आणि ती एकदा उपसली की हजारो वर्षं भरून येत नाही, हे खरं आहे. आजोबांना थंडीत चूल लागते हेही खरं आहे. मी या वादात त्यांच्यासमोर पडले नाही.

“कुठून आलात?” त्यांनी विचारलं. भारत म्हटल्यावर, “तिकडे पाऊस असतो का?”

मी आईकडे बघितलं. “चार महिने असा असतो की बाहेर पडायची सोय नाही,” आई म्हणाली, “पण पुढचे आठ महिने थेंब नाही म्हण त्यांना.” मी सांगितलं. आजोबा सरळ उभे राहिले. आठ महिने कोरडे! मग तुमचं टर्फ किती छान वाळत असेल.

“टर्फ नाही हो, शेण्या,” आई म्हणाली, आणि मला अनुवादाची संधी न देता तिने हवेतच शेण कालवलं, गोळा केला, भिंतीवर थापला. त्यांना ते पटकन कळलं. शेणात काय मिसळता, असं त्यांनी विचारलं. भुस्सा. वास येतो का? वाळल्यावर नाही. धूर? सुरुवातीला. मग ते जरा विचारात पडले, टर्फचा एक तुकडा उचलून त्याची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “केवढ्या जाड थापता?”

आईने दोन बोटं आडवी धरून दाखवली.

“पातळ आहेत,” आजोबा म्हणाले. “लवकर जळून जात असतील.”

“तीन लावायच्या मग,” आई म्हणाली.